पेशीत घुसणारी पेप्टाइड्स आणि अंगातली सूज: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं मी पेशीत शिरून सूज अडवणाऱ्या पेप्टाइडच्या लॅबमध्ये काढली, आणि तेव्हापासून कुठल्याही लग्नात, हळदीकुंकवात, ट्रेनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच की तू नक्की करतेस काय, आणि ते सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न, मग आमच्या गुडघ्याचं काय. तेच तेच परत बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

पेप्टाइड म्हणजे प्रोटीनच ना?

तेच, पण लहान. अमिनो ॲसिडचे मणी ओवून माळ केली की पेप्टाइड, माळ लांबलचक झाली आणि घड्या पडून तिला आकार आला की प्रोटीन. सीमारेषा काही कुणी आखलेली नाही. इन्सुलिनमध्ये ५१ मणी आहेत, त्याला कोणी पेप्टाइड म्हणतं कोणी प्रोटीन. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती बहुतेक १० ते ३० मण्यांची असतात.

आणि "पेशीत घुसणारी" म्हणजे? बाकीची घुसत नाहीत का?

नाही घुसत. पेशीचं कव्हर चरबीचं असतं, म्हणजे तेलकट, आणि पेप्टाइडवर विजेचा भार असतो, त्याला पाणी आवडतं, त्यामुळे ते बाहेरच फिरत बसतं. औषधांचा जुना घोळ हाच आहे. ॲस्पिरिनसारखा छोटा रेणू, वजन १८० डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं माप), तो आरामात आत जातो. पण प्रोटीन जिथे एकमेकांना चिकटतात ती जागा मोठी आणि सपाट असते, तिथे छोट्या रेणूला धरायला खाचच मिळत नाही. उलट ॲन्टिबॉडी ती जागा मस्त झाकते पण तिचं वजन दीड लाख डाल्टनच्या आसपास, ती पेशीच्या बाहेरच राहणार. पेप्टाइड मधल्यामध्ये बसतं, साधारण एक ते साडेतीन हजार डाल्टन, जागा झाकण्याइतकं मोठं, फक्त त्याला आत नेणारं कोणी तरी हवं. ते काम काही खास माळा करतात. त्या आपणही आत जातात आणि पाठीवर दुसरं काही बांधलं तर तेही घेऊन जातात.

हे सुचलं कोणाला?

सुचलं नाही, सापडलं. १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमना दिसलं की एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रोटीन नुसतं पेशींच्या द्रावात टाकलं तरी ते आपलं आपण आत जातं आणि केंद्रकात जाऊन काम सुरू करतं. प्रोटीनने असं करायचं नसतं, म्हणून सगळे चक्रावले. मग पॅरिसमध्ये आलें प्रोशियान्ट्झ यांच्या लॅबला फळमाशीच्या ॲन्टेनापीडिया प्रोटीनमध्ये हाच गुण दिसला. हे तेच प्रोटीन ज्याच्या जीनमध्ये गडबड झाली की माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवतात! त्याचा १६ मण्यांचा तुकडा म्हणजे पेनेट्राटिन, तो १९९४ मध्ये आला. टॅटचा कामाचा तुकडा तर फक्त ११ मण्यांचा, आणि त्यातले ८ मणी आर्जिनिन किंवा लायसिन या अमिनो ॲसिडचे, म्हणजे सगळा धन भार. पेशीची बाहेरची बाजू ऋण भाराची, त्यामुळे आधी चिकटणं होतं आणि पुढचं सगळं त्यानंतर.

एचआयव्हीचा तुकडा? म्हणजे एड्स होईल?

नाही. ११ अमिनो ॲसिड म्हणजे व्हायरस नाही, त्यात त्याचे जीन नाहीत, काही नाही, आणि हा तुकडा व्हायरसमधून काढतही नाहीत, मशीनवर एकेक मणी जोडून बनवतात. ही मणी जोडायची पद्धत मेरिफिल्डने १९६३ मध्ये दाखवली आणि १९८४ चं नोबेल घेतलं.

बरं, पण सुजेचा आणि पेशीच्या आतल्या भागाचा काय संबंध? सूज तर बाहेर दिसते.

दिसते बाहेर, ठरते आत. जखम झाली, जंतू आला, की बाहेरून टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-१ सारखा निरोप पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनवर, येतो. आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रोटीन तयारच असतं, पण त्याला आयकप्पाबी नावाच्या दुसऱ्या प्रोटीनने मिठी मारून धरून ठेवलेलं असतं, केंद्रकात जाऊ देत नाही. निरोप आला की आयकेके नावाचं कॉम्प्लेक्स जागं होतं, ते आयकप्पाबीवर फॉस्फेटची खूण करतं, खूण झालेलं प्रोटीन पेशीच्या कचराकुंडीत जातं, मिठी सुटते, आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन सुजेचे शेकडो जीन चालू करतं. त्यातून पुन्हा टीएनएफ बनतं, ते शेजारच्या पेशीला निरोप देतं, आणि चक्र चालू राहतं. जखम भरायला हेच लागतं. संधिवात, सोरायसिस, आतड्याची कायमची सूज यांत हे बंदच होत नाही, एवढाच फरक. एनएफ-कप्पा-बी १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलं, तेही सूज शोधताना नाही, ॲन्टिबॉडीचा एक जीन कसा चालू होतो ते बघताना.

मग पेप्टाइड नेमकं कुठे आडवं येतं?

दोन जागा सांगते, बाकीच्या याच धर्तीच्या आहेत.

पहिली जागा केंद्रकाच्या दारात. एनएफ-कप्पा-बीला आत जायला एक पास लागतो, म्हणजे त्याच्याच अंगावरचा छोटा तुकडा, जो बघून वाहतूक करणारं प्रोटीन त्याला उचलतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात याचेक हविगर यांच्या लॅबने १९९५ मध्ये त्या पासची नक्कल केली आणि तिला घुसणारी माळ जोडली. इथली माळ धन भाराची नव्हती बरं का, तेलकट मण्यांची होती, म्हणजे घुसायचा एकच मार्ग नाही. त्याचं नाव एसएन५०. नकली पास इतके वाटले की वाहतूकवाला त्यातच गुंतला आणि खरा प्रवासी बाहेर ताटकळला. काम झालं, पण पुढे कळलं की तोच वाहतूकवाला एपी-१, एनएफएटी असल्या दुसऱ्या प्रोटीनांनाही नेतो, तेही अडले. म्हणजे एक गाडी थांबवायला गेलो आणि अख्खं स्टँड बंद पडलं.

दुसरी जागा मला जास्त आवडते. आयकेके कॉम्प्लेक्समध्ये तीन भाग, त्यातला निमो हा एन्झाइम नाही, नुसता जोडणारा, पण तो चिकटल्याशिवाय टीएनएफच्या निरोपावर बाकीचे दोघं हलत नाहीत. मायकल मे आणि शंकर घोष यांनी २००० मध्ये दाखवलं की आयकेके-बीटाच्या शेपटीतली अगदी छोटी जागा निमोला धरते, मग त्यांनी तेवढीच जागा पेप्टाइड म्हणून बनवली आणि पुढे पेनेट्राटिन लावलं. एकूण २८ मणी. निमो त्या नकली शेपटीला चिकटतो, खऱ्या आयकेकेला चिकटायला तो मोकळाच राहत नाही. याला एनबीडी पेप्टाइड म्हणतात. उंदराच्या कानावर सूज आणणारं केमिकल लावलं तर एनबीडीने सूज कमी झाली.

यातली खुबी अशी की त्या शेपटीत दोन ट्रिप्टोफॅन आहेत, ते दोन मणी बदलून ॲलॅनिन घातले की पेप्टाइड निकामी. घुसतं तसंच, करत काही नाही. अशी निकामी जुळी बहीण बरोबर असली की म्हणता येतं की परिणाम निमोमुळे झाला, नुसता धन भार पेशीवर आदळल्यामुळे नाही. ज्या रिसर्च पेपरात ही बहीण नसते तो मी अर्ध्यातच मिटते.

हे सगळं डोळ्यांना दिसतं का? की नुसते आकडे?

दिसतं! ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी लावायच्या, अर्ध्यांना पेप्टाइड द्यायचं, मग बॅक्टेरियाच्या कवचातलं एलपीएस टाकायचं, म्हणजे पेशींना वाटतं जंतू आले. रात्रभर ठेवायचं. सुजेच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याचं द्रावात नायट्राइट होतं, सकाळी वरचं द्राव काढून ग्रीस रिएजंट टाकलं की काही मिनिटांत गुलाबी रंग येतो. एलपीएसवाले खड्डे गडद गुलाबी, अगदी गुलाबाच्या सरबतासारखे, साधे खड्डे पांढरे, आणि पेप्टाइडचा डोस वाढत जाईल तसा गुलाबी फिकट होत गेलेला. पहिल्यांदा तो उतरता रंग दिसला तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला होता आणि आईने लिहिलं, छान, जेवलीस का.

पण पेशी मेल्या तरी गुलाबी कमी होतो, मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड कुठून सोडणार. म्हणून त्याच प्लेटवर पेशी जिवंत आहेत का ही टेस्ट लागतेच.

तुमचा कधी पोपट झालाय का?

दोनदा, जोरात.

पहिला. आम्ही निकामी बहीण मागवली एका सप्लायरकडून, आणि ती टाकलेले खड्डे एलपीएस न टाकताच गुलाबी. जे काहीच करू नये तेच सूज आणतंय! तीन आठवडे मी वेगवेगळ्या थिअऱ्या मांडत बसले, शेवटी सीनियरने विचारलं एन्डोटॉक्सिन चेक केलंस का. नव्हतं केलं. पेप्टाइडच्या पावडरीतच बॅक्टेरियाचा अंश होता, एन्डोटॉक्सिन म्हणजे तेच एलपीएस. सुजेवर काम करणाऱ्यांना हा त्रास बाकीच्यांपेक्षा जास्त, कारण आपण मोजतोय तीच गोष्ट घाणीतून येते.

दुसरा जास्त लाजिरवाणा, पण त्यात माझ्या आधी मोठमोठे लोक पडलेत. पेप्टाइडला चमकणारा रंग जोडला, पेशींना दिला, फॉर्मल्डिहाइडने पेशी पक्क्या केल्या, मायक्रोस्कोपखाली बघते तर केंद्रक लखलखतंय. मी खूष. नंतर कळलं की पेशी पक्क्या करताना कव्हर फाटतं, बाहेर चिकटून बसलेलं पेप्टाइड त्या वेळी आत वाहून जातं आणि केंद्रकातल्या डीएनएला चिकटतं. जिवंत पेशी बघितल्या असत्या तर वेगळंच दिसलं असतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ल्ब्ल्यो यांच्या टीमने हे छापलं आणि या फील्डचे आधीचे बरेच सुंदर फोटो संशयात आले. मी हा पेपर वाचलाही होता, तरी केलंच.

मग खरंच आत जातं की नाही?

जातं. पण कसं आणि कुठपर्यंत, इथे सगळा खेळ आहे. थोडं थेट कव्हरमधून जातं, पण कमी डोसला बरंचसं असं जातं की पेशी त्याला गिळते, म्हणजे कव्हरचा खिसा आत ओढून पिशवी बनवते. ती पिशवी म्हणजे एन्डोसोम. आता पेप्टाइड पेशीच्या आत आहे पण पिशवीत बंद, आणि निमो आहे पिशवीच्या बाहेर. घरात आलोय पण अजून चपला काढायच्या जागीच उभे. बहुतांश पेप्टाइड तिथेच राहतं आणि पिशवीचं आम्ल वाढत जाऊन त्याची विल्हेवाट लागते. थोडासा अंश निसटतो, तेवढाच कामाचा. म्हणून "आमच्या पेप्टाइडने ९० टक्के पेशी चमकल्या" हे वाक्य ऐकलं की विचारायचं, चमकल्या ठीक, पिशवीत की बाहेर?

माझं मत विचाराल तर गेली तीस वर्षं आत शिरण्याचं कौतुक फार झालं आणि बाहेर निसटण्यावर त्या मानाने काम कमी झालं.

गोळी का नाही करत?

पोटात ट्रिप्सिन आहे, आणि ट्रिप्सिन कापतं कुठे तर बरोबर आर्जिनिन आणि लायसिनच्या नंतर. म्हणजे ज्या मण्यांमुळे हे घुसतं तेच मणी कात्रीला सगळ्यात आवडतात. शिरेतून दिलं तरी रक्तातली एन्झाइम आहेत, किडनी आहे, साधं पेप्टाइड काही मिनिटांत निम्मं होऊ शकतं.

उपाय म्हणून आरशातले मणी वापरतात. अमिनो ॲसिडला डावा-उजवा हात असतो, आपल्या शरीरातली जवळपास सगळी डाव्या हाताची, ती सोडून उजव्या हाताची वापरली आणि माळ उलट्या क्रमाने ओवली की आकार साधारण तसाच राहतो पण कात्री चालत नाही.

कात्रीचा सगळ्यात चटका लावणारा किस्सा सुजेचा नाही, पक्षाघाताचा आहे, पण सांगतेच. नेरिनेटाइड नावाचं टॅट जोडलेलं पेप्टाइड, मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी. ११०५ पेशंटची मोठी चाचणी, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली. एकूण फरक दिसला नाही. खोलात गेल्यावर लक्षात आलं की गुठळी विरघळवायला जे अल्टेप्लेज देतात त्याने प्लाझमिन नावाचं रक्तातलं एन्झाइम जागं होतं आणि ते प्लाझमिन हे पेप्टाइड कापतं. एक औषध दुसऱ्याला खात होतं. ज्यांना अल्टेप्लेज दिलं नव्हतं त्यांच्यात फायदा दिसत होता, म्हणून तशाच पेशंटवर पुढची चाचणी केली, त्यात मात्र ती आशा टिकली नाही.

सुजेसाठी माणसांवर काही झालंय का?

झालंय, आणि निकाल गोड-कडू आहेत.

सोरायसिससाठी सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाला सात आर्जिनिनची माळ जोडून मलम केलं होतं. प्राण्यांच्या त्वचेवर सूज कमी झाल्याचं २००० मध्ये छापून आलं, माणसांवर दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं. त्वचेत शिरलंही, पण आत गेल्यावर सायक्लोस्पोरिन माळेपासून पुरेशा वेगाने सुटेना, आणि सुटल्याशिवाय ते काम करत नाही. गाडी पोचली, डिकी उघडली नाही.

मग जेएनके नावाचा दुसरा सिग्नल. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रिस्तोफ बॉनी यांच्या कामातून टॅट अधिक जेएनकेला अडवणारा तुकडा, दोन्ही आरशातल्या मण्यांचे, असं पेप्टाइड आलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी त्याचं एकच इंजेक्शन बुबुळाशेजारच्या पातळ पडद्याखाली दिलं, तर ते स्टिरॉइडच्या थेंबांपेक्षा कमी पडलं नाही. दिवसातून चार वेळा आजोबांच्या डोळ्यात थेंब घालायची ड्यूटी ज्यांनी केली असेल त्यांना याची किंमत कळेल. तेच पेप्टाइड अचानक येणाऱ्या बहिरेपणासाठी कानाच्या पडद्यातून जेल म्हणून दिलं, पण २०१७ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी मुख्य निकषावर नापास झाली.

एनबीडी कुत्र्यांपर्यंत गेलंय. लिम्फोमाच्या कुत्र्यांना थेट गाठीत टोचून बघितलं तर एनएफ-कप्पा-बीचं काम कमी झालं. गोल्डन रिट्रिव्हरमध्ये माणसाच्या ड्यूशेनसारखाच स्नायूंचा आजार असतो, त्यांना शिरेतून दिलं, स्नायूंना थोडा फायदा दिसला, पण सलाइनमधून देताना रिॲक्शनही आल्या.

डोळा, त्वचा, गाठ असं जिथे द्यायचं तिथेच ठेवता येतं तिथे आशा, आणि अख्ख्या अंगात फिरवायला गेलं की पंचाईत. हे पेप्टाइड पेशी निवडत नाही, जी भेटेल तिच्यात शिरतं.

सूज आणणारा सिग्नल पूर्णच बंद केला तर बरंच की?

अजिबात नाही. निसर्गाने हा प्रयोग केलेला आहे. निमोचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. तो पार निकामी असेल तर मुलगे बहुतेक जन्मालाच येत नाहीत आणि मुलींना त्वचेचा वेगळाच आजार होतो. अर्धवट चालत असेल तर मुलांना घाम येत नाही, दात टोकदार आणि विरळ, आणि एकामागून एक इन्फेक्शन. उंदरांच्या फक्त आतड्याच्या अस्तरातून निमो काढला तर आतड्याची सूज कमी नाही, उलट भयंकर वाढली, कारण अस्तराच्या पेशी त्या सिग्नलच्या जिवावर जगत होत्या. म्हणजे एका पेशीत तो आग लावतो आणि शेजारच्या पेशीत छप्पर सांभाळतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट, टीबी. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं सुरू करायच्या आधी डॉक्टर छातीचा एक्सरे आणि टीबीची टेस्ट का करायला लावतात? कारण अनेकांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो आणि त्याच्याभोवती पेशींचं जे कुंपण असतं ते टीएनएफवर उभं असतं. त्याच साखळीत आत जाऊन हात घालणाऱ्या कुठल्याही औषधाला हा प्रश्न चुकणार नाही.

मावशीला संधिवात आहे, मिळेल का कुठे?

माझी स्वतःचीच मावशी दर दिवाळीला विचारते, अगं तुझं ते औषध आलं का बाजारात. नाही गं मावशी. संधिवाताच्या सुजेसाठी असं पेशीत घुसणारं कुठलंही पेप्टाइड औषध म्हणून मंजूर नाही. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि पेशीच्या आत जाऊन सूज अडवणारी औषधं आधीच आहेत, टोफासिटिनिबसारखी गोळी हेच करते, फक्त ती पेप्टाइड नाही, छोटा रेणू आहे.

इन्स्टावर "हीलिंग पेप्टाइड" विकतात ते हेच का?

नाही. तिथली बहुतेक वेगळीच असतात, आणि कुपीवर "फक्त संशोधनासाठी" छापलेलं असतं. माझ्या गुलाबी खड्ड्यांची गोष्ट आठवा. लॅबसाठी विकत घेतलेल्या पावडरीत एन्डोटॉक्सिन निघालं, तिथे पेशींचं नुकसान झालं. तुम्ही ती पावडर पाण्यात कालवून पोटात टोचणार? चेहऱ्याच्या पेप्टाइड सीरमचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

एमएस्सीचा प्रोजेक्ट करायचाय, पैसे नाहीत. कुठून सुरू करू?

कॉम्प्युटरपासून. चंडीगडच्या इमटेक या सूक्ष्मजीव तंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेत गजेंद्र राघव यांच्या ग्रुपने सीपीपीसाइट नावाचा डेटाबेस केलाय, प्रयोगाने तपासलेल्या घुसणाऱ्या पेप्टाइड्सच्या १८०० च्या वर नोंदी त्यात आहेत, फुकट, जगभरचे लोक वापरतात. त्यांचंच सेलपीपीडी नावाचं टूल आहे, तुमची माळ घुसेल का याचा अंदाज देतं. अंदाजच तो, पण २० माळांतून ३ निवडायला पुरतो.

प्रयोग करणार असाल तर पावडर आल्या आल्या झाकण उघडू नका, कुपी आधी रूम टेंपरेचरला येऊ द्या, नाहीतर दमट हवेत ती कापसासारखी पावडर लगेच पाणी धरते आणि चिकटते, मुंबईच्या जुलैत तर विचारूच नका. विरघळवून लगेच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवा. टीएफए नावाचं आम्ल शिल्लक राहतं का ते सप्लायरला विचारा, काही पेशींना ते सोसत नाही. पेशी जिवंत असतानाच बघा. आणि निकामी बहिणीची ऑर्डर खऱ्या पेप्टाइडच्या आधी टाका, ती नेहमी उशिरा येते.